गुरूचा रस्ता हा पुरावा नव्हे

तबला-डग्ग्याची ती जोडी माझ्याकडे आली ती एका जुन्या रजईच्या खोळीत गुंडाळून. घेऊन आला होता माझ्या गुरूंचा, खाँसाहेबांचा धाकटा मुलगा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराचा जिना अरुंद आणि अंधारा. डग्गा भिंतीला घासू नये म्हणून त्यानं तो पोटाशी धरला होता. वर आल्यावर त्यानं खोली नीट न्याहाळली, खिडकीपासून लांबचा, ओल न येणारा कोपरा निवडला आणि दोन्ही नग तिथे ठेवून म्हणाला, "दीदी, ये आप रख लीजिए. बेचूँगा नहीं. अब्बू की दी हुई चीज़ है, आपके यहाँ अमानत रहेगी."

त्याआधी चाळीस दिवस तो जमातीबरोबर, म्हणजे धर्मकार्यासाठी गावोगाव फिरणाऱ्या गटाबरोबर, बाहेरगावी होता. चिल्ला म्हणतात त्याला. परतला तो दाढी राखून आणि तबला सोडून. आठव्या वर्षापासून वडिलांच्या सारंगीसमोर बसलेला मुलगा. त्याच्या तिलवाडा तालावर मी पहिल्यांदा न घाबरता समेवर आले होते. आता तो म्हणत होता की हे वाजवणं त्याच्या दीनात, म्हणजे धर्मात, बसत नाही. खाँसाहेबांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की मग ही जोडी माझ्या डोळ्यांसमोर ठेवू नकोस.

वर्षं नव्वदीतली, अयोध्येनंतरची. आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे याचं स्पष्टीकरण तयार होतं: आता ते सगळेच कट्टर होत चाललेत. माझं स्पष्टीकरणही तेच होतं. मला राग आला होता, आणि रागात मी हाताशी असलेलं सगळ्यात मोठं नाव काढलं. म्हटलं, "अरे, ज्या गावात महंमद घौसांच्या शेजारी तानसेन झोपलाय, त्या गावात राहून तू हे बोलतोस?"

तो चिडला नाही. जिन्याकडे वळता वळता म्हणाला, "दीदी, ग़ौस साहब पर भी फ़तवा लगा था. मुसलमानों ने ही लगाया था. आपको मालूम है?"

मला माहीत नव्हतं.

महंमद घौस म्हणजे ग्वाल्हेरचे सोळाव्या शतकातले सूफी संत. इथल्या मराठी माणसाचं त्यांच्याशी नातं तसं घरचंच. लहानपणी आम्ही लष्करातून टांगा करून हजिऱ्याला, घौसांच्या कबरीपाशी जायचो. ती भली मोठी चौकोनी वास्तू, चारी कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज, आणि भोवती दगडात कोरलेल्या जाळ्या. दुपारी आत उभं राहिलं की ऊन त्या जाळ्यांतून गाळून फरशीवर पडतं. घुमटावर एके काळी निळ्या चकचकीत फरश्या होत्या. बाजूलाच उघड्या चौथऱ्यावर, खांबांच्या लहानशा मंडपाखाली तानसेन. तिथल्या चिंचेचा पाला चावून खाल्ला की गळा गोड होतो, म्हणून आई आम्हां बहिणींच्या हातावर मूठभर पाला ठेवायची. मूळ झाड केव्हाच गेलं. आताचं आहे ते नंतरचं. दर डिसेंबरात तानसेन समारोह सुरू होतो तो सकाळी त्या समाधीपाशी सनईनं, मग ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा, मग मिलाद, मग चादर. मराठी वळणाची हरिकथा आणि पैगंबरांच्या जन्माचं वर्णन, एकाच सकाळी, एकाच चौथऱ्यापाशी. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना हे मुद्दाम दाखवायला न्यायची. 'हा आमचा ग्वाल्हेरचा इस्लाम', असं म्हणायची.

आमचा. हा शब्द मी किती सहज वापरत होते! घौसांना त्यांच्याच माणसांनी काय विचारलं होतं, त्यांनी काय उत्तर दिलं होतं, हे कधी जाणून न घेता मी त्यांना माझ्या बाजूला उभं करून टाकलं होतं, आणि आता त्यांच्याच आड उभी राहून त्या पोरावर दगड मारत होते.

म्हणून वाचायला घेतलं. आधी त्याला उत्तर द्यायचं म्हणून, मग त्यात गुंतले म्हणून.

शेख महंमद घौस शत्तारी या सूफी पंथाचे. सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा जन्म. चुनारच्या डोंगरांत त्यांनी दहा-बारा वर्षांहून जास्त काळ कडक साधना केली. पण ते जगापासून तुटलेले फकीर नव्हते. ग्वाल्हेरचा किल्ला बाबराच्या माणसांच्या हाती आला त्यात त्यांच्या सल्ल्याचा वाटा होता, आणि खुद्द बाबरानं आपल्या आठवणींत त्यांचं नाव घेतलंय. हुमायून त्यांना मानायचा. त्यामुळे १५४० मध्ये हुमायूनचा पाडाव करून शेरशहा गादीवर आला तसं त्यांना ग्वाल्हेर सोडून गुजरात गाठावं लागलं. तिथे त्यांच्याभोवती वादळ उठलं.

कारण असं. त्यांनी आपल्या एका आध्यात्मिक अनुभवाचं वर्णन लिहून ठेवलं होतं. आपण एकेक आकाश ओलांडत वर गेलो, थेट ईश्वराच्या सान्निध्यापर्यंत. मुसलमानांच्या श्रद्धेत असं आरोहण, मेराज, हे प्रेषितांचं. मग एका शेखानं स्वतःबद्दल असं म्हणणं म्हणजे काय? प्रेषितांच्या बरोबरीला बसणं? अहमदाबादेत शेख अली मुत्तकी यांनी त्यांच्याविरुद्ध फतवा दिला आणि देहदंडाची मागणी केली. हे अली मुत्तकी हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या वचनांचे आणि आठवणींचे, फार मोठे संग्राहक, पुढे मक्केत स्थायिक झालेले, पण जन्मानं बुऱ्हाणपूरचे, म्हणजे आमच्याच मुलखाच्या टोकाचे. आणि मला खरा धक्का बसला तो पुढच्या तपशिलाचा: ते स्वतःही सूफीच होते. माझ्या डोक्यातली मांडणी अशी होती की एका बाजूला गोड सूफी आणि दुसऱ्या बाजूला रुक्ष मुल्ला. इथे एक सूफी दुसऱ्या सूफीला विचारत होता की तू हद्द ओलांडलीस का.

सुलतानानं तो फतवा अहमदाबादचे थोर विद्वान शाह वजीहुद्दीन अलवी यांच्याकडे मतासाठी धाडला. ते घौसांच्या घरी गेले, त्यांना भेटले, आणि मग त्यांनी तो कागद फाडून टाकला. पुढे ते घौसांचे शिष्यच झाले. हकीकत अशी सांगितली जाते. पण वाद मिटला नाही. अकबराच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला घौस आग्र्याला गेले, तिथेही दरबारातल्या विरोधकांनी तेच लिखाण पुन्हा पुढे काढलं. ते ग्वाल्हेरला परतले. १५६३ च्या सुमारास वारले.

गुजरातेत असतानाच त्यांनी आणखी एक काम केलं होतं. योगावरच्या अमृतकुंड नावाच्या ग्रंथाचं फारसी रूप सिद्ध केलं, बह्र अल-हयात. त्याची १६०० नंतरच्या चार-पाच वर्षांत तयार झालेली एक सचित्र प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे; पानापानावर आसनं घातलेले जोगी. मी त्या चित्रांचे फोटो पाहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बघा, किती सर्वसमावेशक! पण तो ग्रंथ 'सगळे धर्म सारखेच' असं सांगायला लिहिलेला नाही. घौस योग्यांच्या मंत्रांना अरबी ईशनामांचे प्रतिशब्द देतात, श्वासाची साधना आपल्या जिक्रच्या, म्हणजे ईश्वरनामाच्या स्मरणाच्या, चौकटीत आणतात. त्यांना योग हवा होता तो मुसलमान साधकासाठी. हे मोठेपण आहेच. मला हवं होतं तसलं ते नाही, इतकंच.

आणि मग बदायूनी. अकबराच्या दरबारातला हा इतिहासकार करडा, धर्मनिष्ठ. तरुणपणी त्यानं आग्र्यात घौसांना पाहिलं. भेटायची इच्छा होती. पण ते हिंदूंना मान देण्यासाठी उठून उभे राहतात असं त्याच्या कानावर आलं आणि त्यानं भेटायचा विचार सोडला. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. आमच्या माणसासाठी उठून उभं राहणं हा गुन्हा? पण पुढे कळलं की हाच बदायूनी हिंदुस्थानी आणि इराणी गाणं जाणायचा, बीनही थोडीफार वाजवायचा. दरबारी कवी फैजीनं दख्खनेतून बादशहाला त्याची शिफारस लिहिली तेव्हा त्याच्या गुणांत हेही लिहिलं. आणि त्याला दरबारात बुधवारच्या नमाजाचा इमाम नेमलं ते आवाज गोड होता म्हणून.

खाँसाहेबांच्या मुलाचा आवाजही तसाच आहे. मोहल्ल्याच्या मशिदीत मुअज्जिन आजारी असला की अजान तो देतो. माझ्या खिडकीतून वाऱ्यावर ऐकू येते. षड्ज कुठे कणभरही हलत नाही.

दर पावसाळा संपला की तो यायचा. अमानत बघायला. चामड्याला बुरशी लागलीय का, वादी सैल पडलीय का. हात लावायचा नाही, वाकून बघायचा. मग चहा. आणि मग बोलणं. सुरुवातीला मी भांडायची, नंतर नंतर विचारायला लागले. आमची सगळी चर्चा मिळून पंधराएक वर्षं चालली असेल, वर्षातून एक दुपार या हिशेबानं.

मी त्याला प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशांची हदीस सांगितली. ईदचा दिवस, दोन मुली त्यांच्या घरी गात होत्या. त्यांचे वडील अबू बक्र आले आणि रागावले, प्रेषितांच्या घरात सैतानाचे सूर? प्रेषित म्हणाले, असू दे अबू बक्र, प्रत्येक लोकांचा सण असतो, आज आपला सण आहे. बुखारीच्या संग्रहातली हदीस, सगळ्यांना मान्य. तो म्हणाला, बरोबर, पण त्या लहान मुली होत्या, सणाचा दिवस होता, आणि फार तर डफ होता. मग त्यानं बुखारीतलीच दुसरी सांगितली: माझ्या उम्मतीत, म्हणजे अनुयायांत, असे लोक निघतील जे रेशीम, मद्य आणि वाद्यं हलाल मानतील. मी तोवर वाचलं होतं की अंदलुसियाच्या, म्हणजे मुसलमानी स्पेनच्या, इब्न हज्म या विद्वानांनी, म्हणजे अकराव्या शतकातच, या हदीसच्या सनदेची, म्हणजे ती कुणी कुणाकडून ऐकली याची, साखळी तुटलेली आहे असा आक्षेप घेतला होता. ते सांगितलं. तो हसला. "दीदी, आप तो मौलाना हो गईं." पण लगेच गंभीर होऊन म्हणाला की बहुतेक मुहद्दिसांनी, म्हणजे हदीसच्या जाणकारांनी, इब्न हज्मांचा हा आक्षेप मानलेला नाही, आणि तो कुणाला मानायचा असेल तर मानावा, त्याला स्वतःला मात्र जिथे शंका आहे तिथून लांब राहायचंय.

हे 'शंकेपासून लांब राहणं' मला फार उशिरा कळलं. तोवर मला वाटायचं की त्याला कुणीतरी भीती घातलीय. भीती नव्हती ती. एखाद्यानं एकादशीला कांदाही नको म्हणावं, तसा तो आपल्या मालकाशी असलेला त्याचा हिशेब होता. आणि अकराव्या-बाराव्या शतकांच्या सांध्यावर थोर धर्मपंडित गझाली या विषयावर लिहायला बसले तेव्हा त्यांनीही सरसकट हो किंवा नाही म्हटलेलं नाही. गाणं ऐकताना वेळ कोणती, जागा कोणती, सोबत कोण, हे बघा, म्हणाले. ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे असेल तेच गाणं हलवून वर आणतं. मला वाटतं, गाणं शिकवणाऱ्या कुणीही हे नाकारू नये. मीही बैठका पाहिल्यात.

पण सगळ्यांत जास्त माझ्या मनात रुतली ती दिल्लीची गोष्ट. निजामुद्दीन औलियांचं समाचं, म्हणजे भक्तिगायन ऐकण्याचं प्रेम जगजाहीर. त्यासाठी त्यांना गयासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर उभं राहावं लागलं होतं. त्यांचे उत्तराधिकारी नसिरुद्दीन महमूद, ज्यांना चिराग-ए-दिल्ली म्हणतात. एकदा गुरुबंधूंच्या मजलसीत वाद्यं सुरू झाली तसे ते उठले. लोकांनी थांबवलं. ते म्हणाले, हे सुन्नतला, म्हणजे प्रेषितांच्या रीतीला, धरून नाही. कुणीतरी टोमणा मारला: मग गुरूचा रस्ता सोडलास का? त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर असं सांगतात की गुरूचा रस्ता हा पुरावा नव्हे, पुरावा कुराणाचा आणि हदीसचा लागतो. ही गोष्ट चुगली म्हणून निजामुद्दीनांच्या कानावर घातली गेली. ते म्हणाले, महमूद खरं बोलतो.

म्हणजे संगीत ऐकणारा आणि संगीतातून उठून जाणारा, दोघे एकाच खानकाहतले, एकाच सूफी मठातले. एकानं दुसऱ्याला आपली गादी दिली.

हे मी खाँसाहेबांना सांगितलं होतं. तेव्हा ते थकले होते, सारंगी फक्त सकाळी अर्धा तास. ऐकून बराच वेळ गजावर राळ घासत राहिले. मग म्हणाले, "औलिया थे, बेटी. हम तो बाप हैं." आणि सारंगी मिळवायला लागले.

खाँसाहेबांचं दुःख मी जवळून पाहिलंय आणि माझा कौल आजही त्यांच्याच बाजूला आहे. सुरातून माणूस वर जातो हे मी स्वतःच्या छातीत अनुभवलंय. कुठल्याही पुराव्यानं ते माझ्यातून निघणार नाही. पण त्या घराची गोष्ट इतकी सरळ सांगता येत नाही. खाँसाहेब मला शिकवायला आमच्या घरी येत, ब्राह्मणाच्या मुलीला पाच पाच तास घासून घेत, बंदिशीतलं कृष्णाचं नाव घेताना डोळे मिटत. पण त्यांच्या स्वतःच्या मुलीला त्यांनी एक सरगमही शिकवली नाही. ती पडद्याआडून ऐकायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, हमारे यहाँ बेटियाँ नहीं गातीं. त्या घरात त्या मुलीसाठी उभा राहिला तो धाकटा. दीन शिकून आल्यावर तो बापाला म्हणाला की ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, तिला कॉलेजात घाला. तिनं बी.ए. केलं. स्वतःच्या लग्नात त्यानं मुलीकडच्यांकडून एक भांडं घेतलं नाही आणि मेहेर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, रोख, त्याच दिवशी दिली. आमच्या गल्लीत ज्यांनी त्याला कट्टर म्हटलं, त्यांच्या घरच्या लग्नात काय काय देणंघेणं झालं ते मला माहीत आहे.

आणि आमच्या घरी तरी काय होतं? माझी आजी मोहरमात ताजियाखालून नातवंडांना काढायची, मलीदा वाटायची. माझ्या काकाला तिनं लहानपणी नवसाचा फकीर केला होता, हिरवा कपडा घालून, झोळी देऊन. शिंद्यांचा सरकारी ताजिया निघायचा त्या गावात हे काही नवल नव्हतं. महादजी शिंदे तर बीडच्या मन्सूरशाहांना गुरुस्थानी मानत. तोच काका मोठा झाल्यावर आजीशी भांडायचा. हे आपलं नाही, लोकांचं कशाला करायचं. आजी म्हणायची, तू जगलास तो त्यांच्यामुळे. आणि काका म्हणायचा, म्हणून काय ते खरं होतं का? मी धाकट्याला आजीची ही गोष्ट सांगितली, वाटलं त्याला आवडेल. त्यानं सांगितलं की ताजियाला देवबंदच्या मदरशाचे मौलवी तर विरोध करतातच, पण दर्गे, उर्स, मिलाद यांची बाजू मांडणारे बरेलीचे अहमद रझा खान, त्यांनीही ताजियाच्या प्रथेविरुद्ध लिहिलंय. म्हणजे माझ्या काकाचा प्रश्न, बरेलीच्या मौलानांचा प्रश्न आणि देवबंदचा प्रश्न एकच निघाला. आजी मात्र तिन्हींना भारी. ती वारली तोवर मलीदा करत होती.

मला या सगळ्यात सारखे एकनाथ आठवतात. घौस गुजरातेत फतव्याला तोंड देत होते तेव्हा पैठणात नाथ विशीच्या आतबाहेर असतील. त्यांचा हिंदु-तुर्क संवाद आपण शाळेत ऐक्याचं उदाहरण म्हणून शिकलो, शेवटी दोघे गळ्यात गळा घालतात तेवढंच लक्षात ठेवून. पुन्हा वाचला तर कळतं की शेवटाआधी दोघे एकमेकांचं काहीही शिल्लक ठेवत नाहीत. तुर्क मूर्तींवर तुटून पडतो, पुराणांतल्या देवांच्या गोष्टी काढतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे आहे तर तोंड पश्चिमेलाच का? एकही गुळमुळीत वाक्य नाही. एकमेकांच्या श्रद्धेकडे दुर्लक्ष करून ते मैत्री करत नाहीत. पूर्ण ऐकून, पूर्ण दुखावून, मग करतात. आणि नाथांच्याच काळाला लागून श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद' म्हणणारे. त्यांचे गुरू चांद बोधले. तेच नाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू, असं एक परंपरा मानते. शेख महंमदांच्या गुरुपरंपरेचा धागा काही अभ्यासक मागे नेत नेत ग्वाल्हेरच्या महंमद घौसांपर्यंत पोचवतात. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हजिऱ्याच्या त्या जाळ्यांतून गाळलेलं ऊन कुठे कुठे पोचलं असेल.

पण मी त्या धाग्याला धरून आता कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. एवढं मात्र म्हणते: कागद फाडणारे वजीहुद्दीन मला प्रिय आहेत, कारण त्यांनी आधी जाऊन माणूस पाहिला. आणि वाद जिथे देहदंड मागतो, किंवा दुसऱ्याची कबर पाडायला निघतो, तिथे माझ्यापुरता तो वाद उरत नाही. मदिनेच्या बकी कब्रस्तानातले घुमट १९२५-२६ च्या सुमारास पाडले गेले, तेव्हा जगभरच्या मुसलमानांतच केवढा आक्रोश झाला होता. आपल्या कबरीवर विटा रचू नका असं सांगणं वेगळं आणि दुसऱ्याच्या उखडणं वेगळं. हे मी धाकट्याला स्पष्ट सांगितलंय. त्यानं मान डोलावली होती, आणि म्हणाला होता की हजिऱ्याला तो चादर घेऊन जाणार नाही, पण तिथे कुणी हात लावला तर आडवा पडेल.

खाँसाहेब गेले तेव्हा थंडी होती. घुस्ल, म्हणजे मृताची आंघोळ, त्यानंच घातली, जनाजाची नमाजही त्यानंच पढवली. मग तिसऱ्या दिवशी घरात ताण सुरू झाला. थोरल्याला तीजा, चालीसवाँ, फातिहा, मृत्यूनंतरचं सगळं रीतसर हवं होतं, आणि संगमरवरी कबर, वर नाव आणि सारंगी कोरलेली. धाकटा म्हणाला, कबर कच्ची राहील. पक्की करायला मनाई आहे. थोरला ओरडला की अब्बूंनी जन्मभर तानसेनच्या उर्सात हाजरी लावली आणि त्यांच्याच कबरीवर एक फूल नाही? मी तिथे बसले होते. बोलले नाही. बोलायचा हक्क मला नव्हता, हे मला त्या वर्षांनी शिकवलं होतं.

बोलली ती बहीण. तिनं धाकट्याला विचारलं, मी अब्बूंच्या कबरीवर जाऊ शकते की नाही? तो चाचरत म्हणाला की बायकांच्या जाण्याबद्दल सक्त हदीस आहे. ती म्हणाली, "और हज़रत आयशा? वो अपने भाई अब्दुर्रहमान की क़ब्र पर गई थीं कि नहीं? किसी ने पूछा तो उन्होंने क्या कहा था?" आयेशांचं उत्तर तिनंच सांगितलं: प्रेषितांनी आधी मनाई केली होती, मग परवानगी दिली. हे तिला शिकवलं कुणी? ज्यानं तिला कॉलेजात घातलं, अर्थासकट कुराण आणि हदीसच्या किताबी आणून दिल्या, त्यानंच. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, सकाळी फज्रच्या नमाजानंतर जाऊ, तेव्हा गर्दी नसते. मी घेऊन जाईन.

कबर कच्चीच राहिली. थोरल्यानं आपल्या घरी फातिहा केली. धाकटा त्या जेवणाला गेला नाही. त्या दिवशी त्यानं बापाच्या नावानं स्टेशनाबाहेर ब्लँकेटं वाटली, कारण मेलेल्याच्या नावानं दान द्यावं याबद्दल कुणाचंच दुमत नाही. बहीण दर काही दिवसांनी पहाटे कबरीवर जाते. भाऊ तिला दाराशी सोडतो, आणि कधी कधी आतही जातो.

मागच्या आश्विनात तो आला तेव्हा माझ्याकडे एक मुलगा वाजवत होता, नवा, जेमतेम ठेका धरणारा. मी भूप शिकवत होते. जिन्यात पावलं वाजली, थांबली. शिकवणी आटपेपर्यंत तो बाहेरच उभा होता. मुलगा गेल्यावर आत आला, कोपऱ्यापाशी वाकला, नेहमीसारखा.

"दीदी, दायाँ उतरा हुआ है. बारिश खा गई."

मी हातोडी घेतली. तानपुरा छेडला आणि गजऱ्यावर एकेक घर ठोकत गेले. एक वर, मग समोरचं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. सातव्या घरावर मी जरा जास्त मारलं तर त्याचे खांदे आकसले. मी ते खाली घेतलं. पुन्हा चाट मारली.

"बस," तो म्हणाला.

मग घड्याळ बघितलं, असरच्या नमाजाची वेळ झाली होती. तो जिना उतरून गेला. मी जोडीवर तीच रजईची खोळ टाकली.